तिसरा हसणारा

जगात ओळखायला अवघड अशा तीन गोष्टी आहेत: कापायच्या आधी लाल कलिंगड, पेटीतला खरा हापूस आणि लैंगिक छळ. कलिंगड वाजवून बघता येतं. हापूस हुंगून बघता येतो. तिसऱ्या गोष्टीची अशी तपासणी करायला गेलं तर तपासणाराच आरोपी होतो, म्हणून शहाणी माणसं त्या वाटेला जात नाहीत. आम्ही गेलो. पनवेलच्या उरण नाक्यावर कार्यालय असलेल्या 'काशिराम कृपा डेव्हलपर्स' या आमच्या संस्थेने छळ ओळखण्याची एक बिनचूक पद्धत तयार केली असून, तिच्यामुळे गेल्या सहा वर्षांचे सहाही वार्षिक अहवाल एकेका शब्दात लिहिता आले. तो शब्द म्हणजे 'निरंक'.

ही पद्धत तयार करणारा अधिकारी मीच. माझं नाव सत्यजीत, म्हणजे ज्याने सत्यावर विजय मिळवला तो. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालो आणि इथे प्रशासन अधिकारी म्हणून लागलो. कायद्याप्रमाणे कार्यालयात महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, तिचा मी सदस्य-सचिव आहे. रोडपालीच्या 'काशिराम हाइट्स' या इमारतीच्या सोसायटीचाही मी सचिव आहे, आणि त्याच इमारतीत ३०२ मध्ये भाड्याने राहतो. ही तिन्ही पदं (भाडेकरू हे सुद्धा एक पदच आहे) मला दाजीशेठांच्या कृपेने मिळाली.

दाजीशेठ म्हणजे संस्थेचे मालक. वडील काशिराम यांची मिठागरं होती. ती गेली, बदल्यात प्लॉट आले, प्लॉटांवर इमारती उभ्या राहिल्या आणि इमारतींतले बरेचसे फ्लॅट शेठांनी स्वतःकडेच ठेवले. घर नसलेल्या कर्मचाऱ्यांना ते त्यातला फ्लॅट भाड्याने देतात. नोकरी त्यांची, घरही त्यांचं, अशी सोय आजकाल कुठे मिळते? सगळ्या फ्लॅटच्या दुसऱ्या चाव्या त्यांच्या कमरेला एका जुडग्यात असतात. कोणाकडे कधी काय गळेल याचा नेम नसतो आणि शेठांना भाडेकरूंची काळजी फार.

'दाजी' हे त्यांचं पाळण्यातलं नाव आहे, हे इथेच स्पष्ट करतो, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन ठेपणार आहे. मराठीत दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. शेठांच्या आजीने हे नाव ठेवलं तेव्हा आपण नातवाला अख्ख्या तालुक्याच्या बहिणींचा नवरा करून ठेवतोय याची त्या माउलीला कल्पना नसावी.

आता पद्धतीकडे वळतो. समितीच्या पहिल्याच बैठकीत मी एक 'ओळख तक्ता' मंजूर करून घेतला. घटना कळली की तक्त्यावरून बोट फिरवायचं, उत्तर मिळतं. मुख्य कलमं अशी:

कलम एक, स्पर्श. पाठीवर हात: शाबासकी. खांद्यावर हात: आधार. कमरेवर हात: गर्दी. (गर्दीसाठी दोन माणसं पुरेत.)

कलम दोन, मोबाइलवरचा मजकूर. 'जेवलीस का?': कर्मचारी कल्याण. गुलाबाचं फूल: शुभेच्छा. 'उत्तर का देत नाहीस?': पाठपुरावा.

कलम तीन, नातं. ज्या दोघांत थट्टामस्करीचं नातं आहे त्यांच्यात छळ संभवत नाही. दाजी आणि मेव्हणीची थट्टा आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. सबब, जी महिला कर्मचारी मालकांना 'दाजी' किंवा 'दाजीशेठ' अशी हाक मारते ती हाक मारल्या क्षणापासून मेव्हणी समजण्यात यावी. (मालकांचं दुसरं नावच नसल्याने हाक मारायला दुसरा शब्द उपलब्ध नाही. ही तांत्रिक अडचण आहे.)

कलम चार, हसू. एखाद्या वाक्याला किमान तीन माणसं हसली तर ती थट्टा ठरते. हसू घटनेच्या वेळचं असावं, अथवा घटना नंतर ऐकून किंवा वाचून आलेलं असावं. विनोद करणाऱ्याचं स्वतःचं हसू धरू नये. हे शेवटचं वाक्य माझ्या निःपक्षपातीपणाचा पुरावा म्हणून दाखवता येईल.

खुद्द कायद्यात आणखी एक प्रश्न आहे: 'बाईला ते नको होतं का?' हा प्रश्न तक्त्यात जागेअभावी घेता आला नाही. समितीची माहिती देणारा फलक मात्र कार्यालयात रीतसर लावला आहे. तो दाराच्या मागे आहे आणि आमच्या संस्थेचं दार सगळ्यांसाठी सदैव उघडं असतं, त्यामुळे तो अजून कोणी वाचलेला नाही.

समितीत आम्ही चौघं. अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला लागते, म्हणून चंद्रावतीवहिनी. त्या कागदोपत्री संचालक आहेत आणि घरी दाजीशेठांच्या पत्नी, म्हणजे शेठांना त्यांच्याइतकं जवळून ओळखणारी दुसरी ज्येष्ठ महिला मिळाली नसती. सदस्य म्हणून हेतल, जी स्वागतकक्षात बसते. एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेचा लागतो, त्यासाठी परेश. परेश आम्हाला रेती पुरवतो, पण त्याचं दहीहंडी मंडळ नोंदणीकृत आहे आणि मंडळ दर वर्षी हळदीकुंकूही करतं. चौथा मी.

सहा वर्षं सगळं सुरळीत होतं. सातव्या वर्षी किशोरी आली.

किशोरी शिरढोणची. वय एकोणतीस. आमच्याकडे फ्लॅट बुकिंगची कागदपत्रं बघते आणि आई कुमुदताईंबरोबर माझ्या बरोब्बर वर, ४०२ मध्ये राहते. इथे येण्याआधी तिने रोडपाली-कळंबोलीत चौदा फ्लॅट बघितले होते. चौदाही ठिकाणी एजंटने सांगितलं, 'फक्त फॅमिली.' तिने आईकडे बोट दाखवलं. एजंटांच्या मते फॅमिली म्हणजे ज्यात निदान एक पुरुष आहे असं कुटुंब, मग तो दिवसभर झोपलेला का असेना. पंधराव्या वेळी दाजीशेठांनी स्वतःहून ४०२ दिला. असं मन असतं. ४०२ त्या वेळी रिकामाच होता. आधी तिथे आमची हेतलच राहायची. दोन वर्षांपूर्वी ती तो सोडून खांदा कॉलनीत भावाकडे राहायला गेली. सोसायटीच्या वहीत मी कारण लिहिलं, 'वैयक्तिक'.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गव्हाणच्या नव्या साइटचं भूमिपूजन झालं आणि चंद्रावतीवहिनी पेढे घेऊन कार्यालयात आल्या. परेश होता, हेतल होती, मी होतो. शेठ खुशीत दिसले म्हणून किशोरीने विषय काढला.

"दाजीशेठ, बाथरूमच्या भिंतीला ओल आलीय. प्लंबर पाठवाल का?"

"प्लंबर कशाला? आमी हाय की!" शेठ म्हणाले. "तू फक्त दार उघड. गळती कशी काढायची ती आमी बघतो."

मग त्यांनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. विनोद केल्यावर सभोवार बघायची शेठांना सवय आहे. ते हसणारे मोजतात असं लोक म्हणतात. माझं निरीक्षण आहे की ते न हसणारे मोजतात. परेश टेबलावर थाप मारून हसला. मी हसलो. माझ्या तोंडात पेढा होता, तरी हसलो.

त्या दिवसापासून ती फाइल घेऊन आत आली की शेठ विचारायचे, "काय किशोरी, गळतंय काय अजून?" आणि कार्यालयात आनंदाचं वातावरण पसरायचं.

पाहणीला त्याच रविवारी सुरुवात झाली. कुमुदताई रविवारी अकरा ते एक भजनी मंडळाला जातात आणि पाहणीची वेळ साडेअकरा. मार्च ते मे या काळात शेठांनी ४०२ ची एकूण अकरा वेळा पाहणी केली. इतर एकशे सात फ्लॅटची मिळून पाहणी शून्य वेळा झाली. ४०१ चं छत टपटपत होतं, पण तिथे एक निवृत्त फौजदार राहतात आणि त्यांना स्वतःची काळजी घेता येते.

इथे सोसायटीचा सचिव म्हणून एक आकडा देणं माझं कर्तव्य आहे. एप्रिलपासून आमच्याकडे दर रविवारी पाणी बंद असायचं. पाणी कधी आलं, कधी गेलं हे मी एका वहीत लिहितो आणि दर महिन्याला त्याचा कागद खाली फळ्यावर लावतो. अकरा पाहण्यांपैकी आठ वेळा संपूर्ण इमारतीच्या नळाला थेंब नव्हता. ज्या पाइपात पाणीच नाही त्यातली गळती शोधायला किती बारीक नजर लागत असेल! सामान्य प्लंबरला हे जमलं नसतं.

पहिल्या तीन पाहण्या आत येऊन झाल्या. बेल न वाजवता, चावीने. दुसऱ्या वेळी शेठ स्वयंपाकघराच्या दारात वाट अडवून उभे राहिले आणि निघताना त्यांनी तिच्या कमरेवर हात ठेवला (कलम एक: गर्दी). तिसऱ्या वेळी म्हणाले, "ऑगस्टला करार संपतो ना तुजा? वाढवायचा हाय ना? मग जरा समजून घेत जा." तक्त्यात याला 'समजूतदारपणा' असं म्हटलं आहे.

यावर किशोरीने जे केलं त्यातून तिचा नवखेपणा दिसतो. तिने आधी रंगाचा डबा आणला आणि ओल आलेली भिंत स्वतः रंगवून काढली. मग शेठांना लेखी कळवलं की गळती थांबली आहे, पाहणीची गरज उरलेली नाही. शेठांनी उत्तर दिलं की खरी गळती रंगाच्या आत असते. मग तिने कुलूप बदललं. त्यावर सोसायटीने तिला नोटीस काढली: घरमालकाच्या परवानगीशिवाय कुलूप बदलणं हा करारभंग असून जुनं कुलूप सात दिवसांत पूर्ववत बसवावं. नोटिशीची भाषा चांगली उतरली होती. खाली सही माझीच.

जुनं कुलूप परत बसलं. त्यानंतरच्या रविवारपासून सव्वाअकराच्या सुमाराला माझ्या छतावरून एक आवाज यायला लागला. लाकडी खुर्ची फरशीवरून ओढत नेल्याचा. बैठकीच्या खोलीतून निघायचा, दारापर्यंत जायचा, तिथे थांबायचा. पंधरा मिनिटांनी जुडग्याचा आवाज. मग शेठ चार इंचांच्या फटीतून गळतीची पाहणी करत असावेत, कारण त्यांचं बोलणं जिन्यात ऐकू यायचं. मी खाली टीव्हीचा आवाज वाढवायचो. सोसायटीच्या वहीत लिहिलं: '४०२, फर्निचर हलवल्याचा त्रास.' ज्याला त्रास झाला त्याचं नाव मी माझं लिहिलं.

मे संपता संपता किशोरीने समितीकडे लेखी तक्रार दिली. तारखा, वेळा, वाक्यं, सगळं टाइप करून. इतकी नीटनेटकी तक्रार मी चौतीस वर्षांच्या नोकरीत बघितली नव्हती, आणि एक जुना कारकून म्हणून मला तिचं कौतुकच वाटलं.

कायद्याने चौकशी नव्वद दिवसांत पुरी करावी लागते. पहिला प्रश्न अधिकारक्षेत्राचा. दहा ते सहा या वेळेत दाजीशेठ मालक असतात, त्यानंतर आणि रविवारी ते घरमालक असतात. घरमालकाने घरात केलेल्या पाहणीत कार्यालयाच्या समितीने कसं लक्ष घालावं? म्हणून सदस्य-सचिव या नात्याने मी सोसायटीच्या सचिवांना पत्र लिहिलं की सदर बाब गृहनिर्माणाशी संबंधित असल्याने आपण कार्यवाही करावी. पत्र त्याच संध्याकाळी मला मिळालं. सोसायटीचा सचिव म्हणून मी त्यावर सखोल विचार केला. तक्रारदार ही त्यांची कर्मचारी, फ्लॅट नोकरीबरोबर मिळालेला, त्यामुळे बाब कार्यालयीन आहे असं माझं मत पडलं आणि तसं मी स्वतःला सविनय कळवलं. माझ्या या उत्तराने मी समाधानी नव्हतो. पुन्हा लिहिलं. त्याला दोन आठवडे उत्तर आलं नाही तेव्हा मी स्वतःला स्मरणपत्र पाठवलं. मधल्या काळात मला माझ्या भाषेचा थोडा राग आला होता हेही कबूल करतो. नऊ पत्रांनंतर, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर, असं ठरलं की बाब दोघांचीही आहे. (हे कायद्याच्या पहिल्या पानांतच लिहिलेलं होतं, पण पत्रव्यवहाराला पर्याय नसतो.)

एक किरकोळ नोंद. जूनमध्ये पाऊस लागला आणि ४०२ ची भिंत खरोखर गळायला लागली. रंगाचे पोपडे सुटले, बाथरूममध्ये बादल्या लागल्या. चौकशी चालू असल्यामुळे पाहणीला कोणी गेलं नाही.

काल शनिवारी सुनावणी झाली. कार्यालयाच्या मीटिंगच्या खोलीत आम्ही चौघं, समोर किशोरी. दाजीशेठही बसले होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने पूर्ण वेळ बसावं की नाही याबद्दल दुमत होऊ शकतं, पण एसीचा रिमोट त्यांच्याकडे असतो. त्यांनी चाव्यांचं जुडगं टेबलावर ठेवलं होतं.

मी तक्ता वाचला. तिसऱ्या कलमावर आल्यावर परेशला राहवेना.

"अगं, दाजी म्हणतो आपण त्यांना! दाजी मस्करी नाय करणार तर काय तलाठी करणार?"

"मला बहीण नाही," किशोरी म्हणाली.

"म्हणजे?"

"मी एकटीच आहे. बहीण असती तर तिचा नवरा माझा दाजी झाला असता. मला बहीण नाही, तर दाजी कुठून येणार?"

हा मुद्दा तक्ता तयार करताना आमच्या लक्षात आला नव्हता. मी इतिवृत्तात लिहिलं: 'तक्रारदारास बहीण नाही. बहीण नसल्याबद्दल मालकांना जबाबदार धरता येणार नाही.'

"आमी तिला घरच्यासारखी वागवली," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "इचारा तिला. घरच्यासारखी."

"आमच्या घरचे बेल वाजवून येतात," किशोरी म्हणाली.

मग तिने पिशवीतून कागद काढले आणि वहिनींपुढे ठेवले. मला ते अक्षर ओळखीचं वाटलं, कारण ते माझंच होतं. सोसायटीच्या फळ्यावर मी दर महिन्याला लावतो ते पाण्याचे तक्ते. अकरा तारखांना तिने पेन्सिलने गोल केले होते. त्यातल्या आठ गोलांच्या आत माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'पाणी नाही.' माणसाने किती नीट नोंदी ठेवाव्यात याला काही मर्यादा हवी.

चंद्रावतीवहिनी सहा वर्षांत समितीच्या बैठकीत एक शब्द बोललेल्या नव्हत्या. त्या यायच्या, सही करायच्या आणि भाजी घेऊन घरी जायच्या. काल त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक तारीख वाचली. ओठ हलत होते. चौथ्या-पाचव्या तारखेवर बोट थांबलं.

"हे सगले आयतवार हायेत," त्या म्हणाल्या.

"हो," किशोरी म्हणाली.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. "आयतवारी तं तुमी गव्हाणला जाता ना? साइटवं?"

"जातो ना. येता येता..."

"गव्हाण त्या अंगाला, रोडपाली या अंगाला."

मी वातावरण हलकं करण्यासाठी कलम चारकडे वळलो. तिसरं कलम बहिणीअभावी डळमळलं असलं तरी चौथं भक्कम होतं. तीन हसणारे दाखवले की प्रकरण थट्टा ठरतं. प्रकरण थट्टा ठरलं की तक्रार खोटी ठरते, आणि तक्रार खोटी ठरली की शेठांना किशोरीची नोकरी आणि ४०२ चा करार दोन्ही संपवायला मोकळीक मिळते. तसे तीन नसले तर तक्रार उभी राहते आणि अहवाल शिफारशीसह जिल्हा अधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. सहा वर्षांच्या 'निरंक'नंतर त्या रकान्यात काय लिहायचं, मला माहीतही नाही. मी कागद फिरवला: 'दि. ६ मार्च रोजी पेढेवाटपाच्या वेळी झालेल्या वाक्यास आम्ही हसलो.'

परेशने सही केली. मी केली. कागद हेतलकडे गेला. ती बराच वेळ पेनाचं टोपण काढून लावत बसली.

"मी हसले नव्हते," ती म्हणाली.

"मी बघितलंय तुला," परेश म्हणाला. "दात दिसत होते तुझे."

"दातच दाखवले. जो हसत नाही त्याच्याकडे शेठ बघत राहतात. सगळ्यांना माहीत आहे." मग ती किशोरीकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझ्या वेळी पण बाथरूमच गळत होतं गं. ४०२ च. मी तुला आधीच सांगायला हवं होतं. मी भावाला पण सांगितलं नाही, तो उगाच नोकरी सोडायला लावेल म्हणून. सॉरी."

दोन वर्षांपूर्वीच्या वहीतला 'वैयक्तिक' हा शब्द मला त्या वेळी आठवला. त्याचं अक्षरही सुंदर आहे.

हेतलने सही न करताच कागद वहिनींकडे सरकवला. आता तिसरं हसू वहिनींचंच बाकी होतं. पेढ्यांचं तबक घेऊन त्या तिथेच उभ्या होत्या आणि मला नक्की आठवतं, त्या हसल्या होत्या.

"हसली व्हती मी," वहिनी म्हणाल्या. "खोटा कशाला बोलू? सगले हसले, मी पण हसली. पण मना तो विनोद समजला नव्हता." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "आता समजला. आता नाय येत हसू."

त्यांनी टेबलावरचं चाव्यांचं जुडगं उचललं, भाजीच्या पिशवीत टाकलं आणि उठल्या. शेठ काहीतरी बोलायला गेले. वहिनी म्हणाल्या, "घरी या, मंग बोला." अध्यक्षच निघून गेल्यामुळे सुनावणी संपली असं मी लिहिलं.

परेश घाईघाईने निघाला, त्याला कुठेतरी रेतीची गाडी लावायची होती. दाजीशेठ आणि मी उरलो. शेठांनी एसी बंद केला.

"सत्यजीत," ते म्हणाले, "सोमवारी अहवाल. तिसरा हसनारा पायजे. कुठूनबी आन. ३०२ चा करार पन संपत येतोय ना तुजा?"

आज रविवार. नव्वद दिवस उद्या संपतात. किशोरीचा करार एकतीसला संपतो, आणि सोळावा फ्लॅट तिला मिळालेला नाही. मला खरं सांगायचं तर ही मुलगी इथून जाऊ नये असं वाटतं. सहीही मागे घ्यावीशी वाटते. सकाळपासून दोन वेळा तो कागद काढला आणि दोन वेळा परत ठेवला. मी हसलो होतो याची मला लाज वाटते, पण तक्त्यात लाजेला रकाना नाही, आणि या वयात मला घर कोण देणार? मी तर एकटा पुरुष. एजंटांच्या हिशेबाने मी अख्खी फॅमिली आहे, तरीही भीती वाटते.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहून काढलं आणि आपल्याकडे पाठवलं. आपण इथपर्यंत वाचलंत. कलम चार आपण वर वाचलं आहेच: हसू घटनेच्या वेळचं असावं, अथवा घटना नंतर ऐकून किंवा वाचून आलेलं असावं. कलिंगडाला हसला असाल तर ते मी धरत नाही. माझ्या स्वतःला लिहिलेल्या पत्रांना हसला असाल तर तेही सोडून देतो, ती बाब माझी वैयक्तिक आहे. पण पाइपात पाणी नसताना शोधलेल्या गळतीला हसला असाल, कमरेवरच्या गर्दीला हसला असाल, तर आपण नियमात बसता. सोबत कागद जोडला आहे. दोन सह्या आहेत, तिसऱ्या ओळीवर आपलं नाव आणि तारीख घालावी. सक्ती नाही. ज्यांनी वाचलं आणि जे हसले नाहीत अशांसाठी वेगळा कागद काढायची तरतूद सध्या नाही.

हे लिहीत असताना सव्वाअकरा वाजले. जूनपासून ४०२ कडे कोणी फिरकलेलं नाही. चाव्या कालपासून वहिनींच्या पिशवीत आहेत. हे वरच्या मजल्यावर पण माहीत आहे. तरीही आत्ता छतावर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बैठकीच्या खोलीतून निघाला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

मी टीव्ही लावलेला नाही.

आपण आत्ता हसत नाही आहात, हे मला कळतं. पण मघाशी हसलात, त्याचं मी काय लिहू?